सेगमेंटने सुरुवात, पेजिंगवर मुक्काम

हौसेखातर लिहिलेला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एका टप्प्यापर्यंत कसाही रेटता येतो. बूट होतो, स्क्रीनवर अक्षरं उमटतात, टायमरचा इंटरप्ट येतो, कीबोर्ड वाचता येतो. सगळा कोड रिंग शून्यात, म्हणजे प्रोसेसरच्या सर्वाधिकार पातळीवर, आणि मेमरी सगळ्यांच्या सामाईक मालकीची. मग कधीतरी दोन प्रोग्राम एकाच वेळी चालवायची हुक्की येते, आणि एकाने दुसऱ्याच्या मेमरीत हात घातला तर त्याला अडवायचं कुणी, हा प्रश्न टाळता येत नाही. माझा कर्नल ३२-बिट एक्स८६ प्रोसेसरसाठी आहे. तिथे अडवणारे दोघं आहेत: १९८२च्या ८०२८६पासूनचं सेगमेंटेशन (सुरुवात आणि लांबी सांगून मेमरीचा तुकडा आखणं) आणि १९८५च्या ८०३८६ने त्यावर चढवलेलं पेजिंग (मेमरी ४ केबीच्या पानांत वाटून कुठलं पान कुठे ते टेबलांतून ठरवणं). जाणकारांना विचारलं तर ते डोळे झाकून पेजिंग सांगतात. मी आधी सेगमेंटेशन केलं, ते नीट चालवलं, आणि मग पेजिंगकडे वळले. ते का आणि कसं, ते लिहिते.

सेगमेंटेशन डोक्यात आलं ते नोकरीमुळे. दिवसभर मी मायक्रोकंट्रोलरवर काम करते. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपांत पेज टेबल नसतं. फार तर एमपीयू असतं, म्हणजे मेमरीचे मोजके पट्टे आखायचे आणि प्रत्येकाला वाचायची, लिहायची, कोड चालवायची परवानगी ठरवून द्यायची. व्ही७-एम पिढीत पट्ट्याचा आकार दोनच्या घातातच हवा आणि त्याची सुरुवातही त्या आकाराच्या पटीतच हवी. एखाद्या टास्कला २० केबी द्यायचे तर ३२ केबीचा पट्टा घ्यायचा, त्याचे ४ केबीचे आठ उपपट्टे पडतात, त्यातले तीन बंद करायचे. व्ही८-एममध्ये ही कटकट गेली. सुरुवात आणि शेवट सांगितला की झालं, दोन्ही ३२ बाइटच्या हिशेबात बसले म्हणजे पुरे.

ऑफिसात शेजारी बसणारा मित्र याच कामात मुरलेला. घरी काय चाललंय ते त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “अगं, तुला करायचंय काय? चार प्रोसेस आणि प्रत्येकीभोवती एक कुंपण. त्यासाठी पेज टेबलांचं एवढं लटांबर कशाला मागे लावून घेतेस?”

“सगळे तेच करतात म्हणून.”

“हे काय कारण झालं?”

नव्हतंच झालं. सेगमेंट म्हणजे तरी काय, सुरुवात आणि लांबी. जे ऑफिसात रोज करते तेच घरी करायचं.

३८६वर सेगमेंटचं वर्णन आठ बाइटांच्या डिस्क्रिप्टरमध्ये असतं. ३२ बिटांचा बेस तीन तुकड्यांत विखुरलेला, २० बिटांची मर्यादा दोन तुकड्यांत. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते. २८६मध्ये बेस २४ बिटांचा आणि मर्यादा १६ बिटांची होती, शेवटचे दोन बाइट राखीव होते. ३८६ काढताना जुनं सॉफ्टवेअर मोडू नये म्हणून वाढीव बिट त्या राखीव जागेत कोंबले, म्हणून ही विस्कटलेली मांडणी. त्यातच एक बिट असा आहे की तो लावला की मर्यादा बाइटांऐवजी ४ केबींत मोजली जाते आणि एकच सेगमेंट ४ जीबीभर पसरू शकतो. तो न लावता १ एमबीपर्यंत बाइटच्या हिशेबाने कुंपण घालता येतं. प्रोग्रामला ५,००० बाइट लागत असतील तर कुंपणही ५,००० बाइटचंच. त्यापुढच्या बाइटला हात लावला की एक्सेप्शन १३, म्हणजे प्रोसेसर प्रोग्राम थांबवून कर्नलला हाक मारतो. इतकं काटेकोर माप पेजिंगला कधीच जमत नाही, आणि संरक्षण म्हणून नुसतं कागदावर पाहिलं तर सेगमेंटच सरस दिसतो. हे माझं मत अजूनही बदललेलं नाही.

कर्नलचे दोन सेगमेंट जीडीटीत, म्हणजे डिस्क्रिप्टरांच्या सामाईक टेबलात, गेले. प्रोसेसचे कुठे ठेवायचे? जीडीटीतच ओळीने टाकावेत असं सहज वाटतं, पण तिथे मेख आहे. रिंग ३मधला, म्हणजे सर्वांत कमी अधिकाराचा, कोड डीएससारखं (डेटा कुठल्या सेगमेंटमधून घ्यायचा ते सांगणारं) रजिस्टर स्वतः भरू शकतो, आणि जीडीटीतल्या ज्या डेटा सेगमेंटांची पातळी ३ आहे ते सगळे त्याला खुले असतात. म्हणजे एका प्रोसेसने दुसरीचा सिलेक्टर, म्हणजे तिच्या डिस्क्रिप्टरचा क्रमांक, डीएसमध्ये भरला की कुंपणाला अर्थच उरला नाही. उपाय असा की प्रत्येक प्रोसेसला स्वतःची एलडीटी, म्हणजे खासगी टेबल, द्यायची आणि प्रोसेस बदलताना ती बदलायची. शिवाय बदलल्यावर डीएस आणि ईएस पुन्हा भरायचे, कारण प्रोसेसर डिस्क्रिप्टरची एक प्रत आतल्या आत जपून ठेवतो. टेबलात कितीही खाडाखोड करा, रजिस्टर पुन्हा भरेपर्यंत त्याला त्याची खबर नसते.

एवढं बसल्यावर मात्र काम फार सुखाचं झालं. प्रत्येक प्रोग्राम पत्ता शून्यापासून लिंक केलेला. कर्नलने तो मेमरीत मोकळ्या जागी नेऊन टाकायचा, ती जागा बेस म्हणून लिहायची, लांबी मर्यादा म्हणून लिहायची, आणि रिंग ३मध्ये उडी. प्रोसेसमागे खर्च दोन डिस्क्रिप्टरांचा, म्हणजे १६ बाइट. मित्राला हा आकडा सांगितला तेव्हा तो दिवसभर खूश होता.

मग चाचणी. मर्यादेच्या नेमका एक बाइट पुढे लिहिणारा छोटा प्रोग्राम केला आणि क्यूइमू या इम्युलेटरमध्ये, म्हणजे अख्ख्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवला. काहीच झालं नाही. लिहिलं गेलं आणि प्रोग्राम निवांत पुढे सरकला. क्यूइमूच्या मॉनिटरमध्ये रजिस्टरं पाहिली तर बेस बरोबर, मर्यादाही बरोबर. डिस्क्रिप्टरचे आठ बाइट कागदावर मांडून बिट-बिट तपासले, तेही ठीक. शेवटी उत्तर दस्तऐवजात सापडलं: क्यूइमू जेव्हा प्रोसेसरची नक्कल निव्वळ सॉफ्टवेअरने करतो तेव्हा प्रत्येक मेमरी-वापराला सेगमेंटची मर्यादा तपासत नाही, आणि त्यावर विसंबणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम फार थोड्या असाव्यात अशी आशा तिथे व्यक्त केलेली आहे. तीच डिस्क इमेज बॉक्स (Bochs) या दुसऱ्या इम्युलेटरमध्ये चालवली तर त्याच ओळीवर एक्सेप्शन १३ आलं. केव्हीएम (नकलेऐवजी खऱ्या प्रोसेसरवर चालवायची लिनक्सची सोय) लावून क्यूइमू चालवला तर तिथे तपासणी खरा प्रोसेसरच करतो, त्यामुळे तिथेही आलं.

माझा कोड निर्दोष निघाला याचा आनंद होताच. पण इतक्या लोकांच्या रोजच्या वापरातल्या इम्युलेटरला जी तपासणी गाळून चालते, तिच्या आधारावर आज कुणी काही बांधत नाही, हेही त्याबरोबर कळलं. पुढे काही अडलं तर विचारायला माणूस सापडणार नव्हता.

आणि अडलंच. एक्सेप्शन १३चा हँडलर लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की प्रोसेसर जवळजवळ काहीच सांगत नाही. मर्यादा ओलांडली तर एरर कोड शून्य. कुठल्या सूचनेवर घडलं तो पत्ता मिळतो, पण प्रोग्रामने मेमरीच्या कुठल्या पत्त्याला हात घातला होता ते नाही. ते हवं असेल तर ती सूचना स्वतः उलगडायची, त्यातली रजिस्टरं शोधायची, बेरीज करायची. पेज फॉल्टमध्ये, म्हणजे एक्सेप्शन १४मध्ये, तो पत्ता सीआर२ या रजिस्टरमध्ये आयता मिळतो, आणि एरर कोडही बोलका असतो: ७ आला तर पेज जागेवर होतं, लिहायचा प्रयत्न झाला, आणि तो रिंग ३मधून झाला. प्रोसेस मारून टाकायची एवढंच करायचं असेल तर या फरकाने काही बिघडत नाही. चूक दुरुस्त करून तीच सूचना पुन्हा चालवायची असेल तर मात्र फार बिघडतं.

खरी पंचाईत केली ती सी भाषेने. सेगमेंटेशनची मूळ कल्पना अशी की कोड, डेटा, स्टॅक यांची घरं वेगळी. स्टॅकसाठी तर खाली वाढणारा खास सेगमेंटसुद्धा आहे. पण जीसीसी हा कंपायलर सपाट मेमरी, म्हणजे सगळ्यासाठी पत्त्यांची एकच रांग, धरून चालतो. फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला तर तो नुसता ३२ बिटांचा आकडा असतो. तो स्टॅकमधला की डेटामधला हे त्यात कुठेच नोंदलेलं नसतं. घेणारं फंक्शन तो डीएसमधून वाचणार. एसएस (स्टॅकचं सेगमेंट रजिस्टर) आणि डीएसचे बेस वेगळे असतील तर भलतंच काहीतरी वाचलं जाणार. डॉसच्या काळात कंपायलरांनी निअर आणि फार अशा दोन जातींचे पॉइंटर देऊन हे निभावलं होतं. ज्यांनी तो कोड लिहिला आहे त्यांच्याजवळ तो विषय काढून बघा, चेहराच सांगतो. थोडक्यात, डीएस आणि एसएस एकच ठेवणं भाग. मग कुंपण उरतं ते दोन प्रोसेसमध्ये. एकाच प्रोसेसमधल्या स्टॅक आणि हीपच्या (प्रोग्रामने चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीच्या) मध्ये काहीच नाही. स्टॅक वाढत वाढत हीपवर चढला तरी प्रोसेसरची हरकत नसते.

यावर एक जुनी युक्ती आहे आणि ती मला मनापासून आवडते. स्टॅक वरच्या टोकाला न ठेवता सेगमेंटच्या तळाशी ठेवायचा. स्टॅक खाली वाढतो, शून्याच्या खाली गेला की आकडा उलटून ४ जीबीच्या टोकाला पोचतो, ते मर्यादेच्या बाहेर, आणि एक्सेप्शन १२ येतं. एकही बाइट खर्च न करता स्टॅकला पहारा. पण मग स्टॅकचा आकार आधीच कायमचा ठरवावा लागतो. आणि पत्ता शून्य हा सेगमेंटमधला वैध पत्ता असल्याने नल पॉइंटरमधून, म्हणजे कुठेच न रोखलेल्या शून्य पत्त्यातून, वाचलं तर स्टॅकच्या तळातलं काहीतरी निमूट हाती येतं. सी प्रोग्रामरची सर्वांत नेहमीची चूक पकडली जाऊ नये, हे मला पटेना.

तरीही मी चालवत राहिले असते. निर्णय फिरवला तो मेमरी वाढवण्याने. पहिल्या प्रोसेसने हीपसाठी आणखी जागा मागितली आणि तिच्या लगेच पुढे दुसरी प्रोसेस बसलेली. आता पहिलीला उचलून मोठ्या मोकळ्या जागी हलवायचं. सेगमेंटचा मोठेपणा असा की हलवलं तरी प्रोग्रामला कळत नाही. बेस बदलला की झालं. कर्नलला मात्र कळतं. प्रोसेस रीड सिस्टिम कॉलच्या मध्यावर झोपलेली असेल आणि कर्नलने तिच्या बफरचा खरा पत्ता धरून ठेवला असेल, तर हलवल्यावर तो पत्ता परक्याच्या घराचा. म्हणजे कर्नलमध्ये जिथे जिथे असा पत्ता धरलाय तिथे तिथे तो बेस आणि ऑफसेट असा जोडीने धरायचा, दर वेळी नव्याने बेरीज करायची. त्यावर फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसपासून तशीच दुसरी उभी करणं, हवा होता. सेगमेंटमध्ये फोर्क म्हणजे अख्ख्या प्रोसेसची प्रत, तीही सलग मोकळी जागा सापडली तर. एकूण मोकळी मेमरी भरपूर, पण तुकड्यातुकड्यांत, आणि नवी प्रोसेस मात्र उभी राहत नाही, असं दृश्य लवकरच दिसायला लागलं.

या वाटेने आधी गेलेल्यांची कमी नाही. ओएस/२च्या पहिल्या आवृत्त्या २८६च्या सेगमेंटांवरच उभ्या होत्या. मल्टिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमने १९६०च्या दशकातच सेगमेंट आणि पेज दोन्ही एकत्र वापरले. मला सगळ्यात मजेशीर वाटला तो १९९१चा पहिला लिनक्स, आवृत्ती ०.०१. पेजिंग चालू, पण पेज डिरेक्टरी, म्हणजे पेज टेबलांची यादी, सगळ्यांत मिळून एकच. ४ जीबीचे ६४ एमबीचे तुकडे, प्रत्येक प्रोसेसला एक, आणि प्रोसेसना एकमेकींपासून तोडायला सेगमेंट. म्हणून जास्तीत जास्त ६४ प्रोसेस. पुढे प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र डिरेक्टरी आली आणि सेगमेंट सपाट झाले, तरी कर्नलमध्ये सेट_एफएस हे नाव कितीतरी वर्षं राहिलं. मूळ अर्थ असा की एफएस रजिस्टर युजरच्या डेटा सेगमेंटकडे वळवलेलं असायचं. एक्स८६वरून ते निघालं थेट २०२०मध्ये.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. योखेन लीडके यांनी १९९०च्या दशकात एल४ मायक्रोकर्नलमध्ये लहान प्रोसेस एकाच पेज डिरेक्टरीत ठेवून त्यांना सेगमेंटने वेगळं केलं, कारण डिरेक्टरी बदलली की टीएलबी (प्रोसेसरने जपलेले पेज टेबलांतले अलीकडचे पत्ते) रिकामं होतं आणि त्याची किंमत त्यांना मोजायची नव्हती. तेवढ्या वेगाची गरज माझ्या कर्नलला नाही आणि तेवढं कसब माझ्यात नाही.

पेजिंग चालू करणं तुलनेने सरळ गेलं. क्यूइमूला ३२ एमबी दिले होते, म्हणजे ४ केबीच्या ८,१९२ फ्रेम (एकेक पेज बसायच्या खऱ्या मेमरीतल्या जागा). त्यांचा बिटमॅप १ केबीत मावतो. पेज डिरेक्टरीत १,०२४ नोंदी, प्रत्येक नोंद एका पेज टेबलाकडे, त्यातही १,०२४ नोंदी. सीआर३मध्ये डिरेक्टरीचा पत्ता, मग सीआर०मधला सर्वांत वरचा बिट. तो लावल्याच्या पुढच्या क्षणी प्रोसेसर पुढची सूचना नव्या नकाशातून शोधतो, म्हणून तात्पुरता पहिला तुकडा जसाच्या तसा मॅप करून ठेवायचा, नाहीतर ट्रिपल फॉल्ट होऊन मशीन पुन्हा बूट. कर्नल ३ जीबीच्या वर नेला. डिरेक्टरीची शेवटची नोंद तिच्याकडेच वळवली की सगळी पेज टेबलं पत्त्यांच्या शेवटच्या ४ एमबीत दिसायला लागतात, आणि त्यात बदल करायला वेगळी यातायात लागत नाही.

सगळ्यात लहान प्रोसेसचा खर्च आता १२ केबी: एक डिरेक्टरी, खाली कोडसाठी एक टेबल, वर स्टॅकसाठी एक. १६ बाइट विरुद्ध १२ केबी. मित्राने हे ऐकून हात जोडले. पण पहिलं पेज मोकळं सोडलं की नल पॉइंटर पकडला जातो. स्टॅकच्या खाली एक पेज मोकळं सोडलं की स्टॅक उतू गेलेला कळतो, आणि वाटलं तर तिथे नवी फ्रेम देऊन तीच सूचना पुन्हा चालवता येते. हीप वाढवायला मिळेल ती फ्रेम चालते, सलग जागेचा प्रश्नच मिटला.

फोर्कमध्ये कॉपी-ऑन-राइट आणलं तेव्हा एक बारकावा समोर आला. दोन्ही प्रोसेस तीच फ्रेम वापरतात, दोघींना फक्त वाचायची मुभा, जी लिहील तिला फॉल्ट येतो आणि प्रत मिळते. पण ३८६मध्ये रिंग शून्यातला कोड हे लिहायचं बंधन जुमानत नाही. प्रोसेसने रीड मागितलं आणि कर्नलने तिच्या बफरमध्ये लिहिलं, तर ते सामाईक फ्रेमवर फॉल्टशिवाय लिहिलं जातं आणि दुसरीचा डेटाही बदलतो. ४८६पासून सीआर०मध्ये डब्ल्यूपी नावाचा बिट आला. तो लावला की कर्नललाही फॉल्ट येतो. पेजिंग चालू करतानाच मी तो लावते. ३८६वर माझा कर्नल नीट चालणार नाही, पण लिनक्सनेही ३८६ची साथ २०१२मध्ये सोडली, मग मी कशाला जीव काढू?

पेजिंगने दिलं नाही असंही काही आहे. पेजच्या आत ते आंधळं असतं. १०० बाइटच्या बफरमध्ये १२० लिहिले आणि पेज तेच असेल तर कुणालाच पत्ता लागत नाही. दुसरं म्हणजे साध्या ३२-बिट पेज टेबलात ‘इथला कोड चालवू नका’ असं सांगणारा बिटच नाही. वाचता येतं ते चालवताही येतं, म्हणजे स्टॅकवर पेरलेला कोडसुद्धा. तो बिट हवा तर पीएई या वाढीव पेजिंगची आठ बाइटांच्या नोंदींची टेबलं घ्यायची आणि प्रोसेसरही तेवढा नवा हवा.

इथे सेगमेंट पुन्हा कामाला आले. २००३मध्ये ओपनबीएसडीने ३.४ आवृत्तीत आय३८६वर जे केलं तेच मी लहान प्रमाणात केलं. सगळ्या सेगमेंटांचा बेस शून्य, त्यामुळे सी भाषा खूश. डीएस आणि एसएस ४ जीबीभर. फक्त युजरच्या सीएसची (कोडच्या सेगमेंटची) मर्यादा २५६ एमबी. लिंकर स्क्रिप्टमध्ये कोड त्या रेषेच्या खाली, डेटा, हीप आणि स्टॅक वर. रेषेच्या वरचा कोड चालवायला गेलं की एक्सेप्शन १३. हे करायला जीडीटीतल्या एका डिस्क्रिप्टरचे काही बिट बदलावे लागले, बाकी सगळं लिंकर स्क्रिप्टमध्ये. चाचणी अर्थातच बॉक्समध्ये.

“म्हणजे शेवटी कुंपण घातलंसच,” मित्र म्हणाला.

“एकच बाजू घातलीय.”

प्रत्येक प्रोसेसची एलडीटी आणि ती बदलणारा कोड मी काढून टाकला. जीडीटी काढता येत नाही, कारण रिंग ठरते ती सीएसच्या सिलेक्टरवरून, आणि रिंग ३मधून इंटरप्ट आला की कर्नलचा स्टॅक कुठला ते टीएसएस नावाचा तक्ता सांगतो, ज्याची नोंद जीडीटीतच असते. आता ६४-बिटची तयारी चालू आहे. एएमडीने २००३मध्ये आणलेल्या लाँग मोडमध्ये सीएस, डीएस, ईएस, एसएस यांचे बेस आणि मर्यादा प्रोसेसर बघतच नाही, तेव्हा २५६ एमबीची रेषा जाईल आणि तिच्या जागी पेज टेबलातल्या नोंदीचा ६३वा बिट येईल. एफएस आणि जीएसचे बेस तेवढे जिवंत राहतात. लिनक्स ते थ्रेडची आणि सीपीयूची खासगी माहिती ठेवायला वापरतो. माझ्याकडे थ्रेड अजून आलेले नाहीत, म्हणून एफएसचा बेस सध्या शून्यच ठेवलाय.